भरल्या गाडीचं माप

सोनवणेसाहेब,

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला बौद्धाचार्यांनी विचारलं, "अजून कुणाला दोन शब्द बोलायचेत का?" आणि वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. मी उठलो. समोर तुमचा हार घातलेला फोटो. कारखान्याच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला, म्हणजे त्यातसुद्धा तुम्ही समोरच्याचं काहीतरी चुकलंय अशाच नजरेनं बघताय. मी म्हणालो, "मी उल्हासनगरहून आलोय. कॅम्प पाचला माझं टायरचं दुकान आहे. साहेब दर रविवारी यायचे." एवढं बोललो आणि खाली बसलो. माझ्या आधी तुमच्या अंबरनाथच्या कारखान्यातले बोलले, विहारातले बोलले, वरच्या मजल्यावरचे बोलले. सगळे म्हणाले, सोनवणेसाहेब फार शांत, कुणाला कधी दुखवलं नाही. मला बसल्या जागी राग येत होता. चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला येऊन बसलोय की काय असं वाटायला लागलं.

आठ महिने तुम्ही माझं डोकं खाल्लंत, साहेब. एका छोट्या गाडीला किती रुंदीचे टायर घालायचे, एवढा एकच प्रश्न. आठ महिन्यांत लोकांची लग्नं ठरतात, होतात, मोडतातसुद्धा. आणि शेवटी एका रविवारी ठरवलंत तर बुधवारी सकाळी कारखान्याला जायला बूट घालता घालता गेलात. ही काय रीत झाली?

त्या हॉलमध्ये मला बोलायचं होतं ते वेगळंच होतं. तुम्ही जे ठरवलंत, ते कशाच्या भरवशावर ठरवलंत हे फक्त मला माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. उभा राहिलो तेव्हा ते ओठांपर्यंत आलं होतं, पण समोर पांढऱ्या कपड्यांतली शंभरेक माणसं. दुकानाचं तेवढं बोललो आणि बसलो. म्हणून आता कागदावर बोलतोय. तसंही तुम्हाला तोंडी सांगितलेलं काहीच पटत नसे, लिहून द्या म्हणायचात.

पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. पांढरी सेकंडहँड गाडी, गुळगुळीत झालेले टायर, एकशे पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे, कंपनीतून आलेले तेच. मला वाटलं, चला, सकाळी सकाळी सोपं गिऱ्हाईक आलं. मी माझं नेहमीचं सुरू केलं, "साहेब, हे फारच बारीक आहेत. रुंद घाला. गाडी रस्त्याला धरून चालते, ब्रेक चांगला लागतो, आणि दिसतेपण भारी." एकशे पंचावन्न आहे, पासष्ट आहे, पण मी म्हणेन एकशे पंच्याहत्तर घाला, सोबत रुंद अलॉय रिम घ्या. शेजारचे लछूशेठ अलॉय विकतात, त्यांनी लगेच दोन डिझाइन आणून काउंटरवर टेकवली. "साईं, ये लगाओ, गाडी दुल्हन दिखेगी." दुसरा कुणी असता तर अर्ध्या तासात चारही चाकं बदलून गेला असता.

तुम्ही शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढलात. मिलिमीटरच्याही आतलं माप घेणारं ते हत्यार कारखान्यात सोडून रविवारी खिशात घेऊन फिरणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. जुन्या रिमची रुंदी घेतलीत, अलॉयची घेतलीत, टायर कुठवर बाहेर येईल आणि कुठवर आत जाईल ते माझ्याच काउंटरवर माझ्याच पेनानं मांडलंत. मग विचारलंत, टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा किती उरेल?

मी म्हणालो, "दोन बोटं जातात, साहेब."

"दोन बोटं म्हणजे किती?"

"म्हणजे दोन बोटं."

"कुणाची? तुमची की माझी?"

"आमच्या लाइनमध्ये असंच बघतात. दोन बोटं गेली की बिनधास्त."

"आणि गाडीत माणसं बसल्यावर?"

"माणसं बसल्यावर काय?"

"गाडी खाली बसते ना, सुरेशभाऊ. मग तुमची दोन बोटं कुठे जातात?"

लछूशेठ खो खो हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. पंधरा वर्षं मी हा धंदा करतोय. शहाडपासून बदलापूरपर्यंत माझ्या हातच्या चाकांवर गाड्या पळतायत. जॅक उतरवायचा, चाकावर दोन बोटं घालून बघायची, हातानं थाप मारायची, गाडी सोडायची. माझ्या उस्तादानं मला असंच शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादानं. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप रिकाम्या गाडीचंच असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलंच नाही. आणि तुमची गाडी तर कधी रिकामी धावलीच नाही. आठवड्याचे सहा दिवस बदलापूरहून अंबरनाथच्या कारखान्यापर्यंत तुमच्यासकट पाच जण, आणि रविवारी संध्याकाळी विहारात जाताना सात. एकदा माझ्या दुकानासमोर मी मोजलं होतं तर आठ उतरले. तुम्ही म्हणालात, "एक लहान आहे, तो मोजायचा नाही." तो लहान चांगला दहावीला होता.

त्या दिवशी तुम्ही टायर न घेता गेलात. पुढच्या रविवारी परत आलात. आणि तिथून सुरू झालं.

कणकेचं प्रकरण तिसऱ्या की चौथ्या रविवारचं. तुम्ही म्हणालात, माप घ्यायचा एकच मार्ग. नवीन चाक लावायचं, मडगार्डच्या आत वरच्या बाजूला कणकेचा जाड गोळा थापायचा, टायरवर कोरडं पीठ भुरभुरवायचं म्हणजे चिकटणार नाही, मग गाडीत सात माणसं बसवायची, खड्ड्यातून हळू न्यायची, वळवायची, आणि परत येऊन गोळा किती दबला ते बघायचं. जेवढी कणीक उरली तेवढी तुमची जागा. हे तुम्ही इतक्या गंभीरपणे सांगितलंत की मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, मग दुकानात तवा पण ठेवू का? माप झालं की पोळ्या करू." पंक्चर काढणारा माझा कामगारसुद्धा हसला. तुम्ही नाही हसलात. "तुम्हाला दुसरा मार्ग माहीत असेल तर सांगा," एवढंच म्हणालात.

मला माहीत नव्हता. पण तसं म्हणायला काय झालं होतं मला? 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून आठ महिन्यांत एकदाही निघाले नाहीत. बाजारात बसलं की तसं म्हणता येत नाही, साहेब. एकदा म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. पण तुम्ही तर कुठेच जात नव्हता. माझ्याच दुकानातल्या लोखंडी स्टुलावर येऊन बसत होता. तुमच्यापुढे म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्या स्टुलावर बसून तुम्ही माझं किती नुकसान केलंत ते सांगू? तो विठ्ठलवाडीचा जिमवाला पोरगा आठवतो, एकशे पंच्याऐंशी टायर मूळच्याच अरुंद रिमवर चढवायला आलेला? मी मशीनवर टायर घेतला होता. तुम्ही उठून त्याला म्हणालात, "बाळा, अरुंद रिमवर रुंद टायर चढवलास तर तो फुगून गोल होतो. कडा रस्त्याला टेकतच नाहीत. मग रुंद घेऊन उपयोग काय?" पोरगा माझ्याकडे बघायला लागला. तो लछूशेठकडे गेला आणि त्यांनी हसत हसत चढवून दिला. शटर ओढताना मी तुमच्यावर चांगलाच उखडलो होतो. "साहेब, तुम्ही घेत नाही ते नाही, दुसऱ्यालाही घेऊ देत नाही." तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे. पुढच्या वेळी मी गप्प बसेन." पुढच्या वेळी तुम्ही गप्प बसला नाहीत.

तीन महिन्यांनी तोच पोरगा परत आला, टायरची मधली पट्टी पार झिजलेली आणि कडा नव्याकोऱ्या. तुम्ही नव्हता तेव्हा. मी त्याला बरोबर रुंदीची रिम दिली आणि तुम्ही जे सांगितलं होतं तेच माझं म्हणून ऐकवलं. पोरगा म्हणाला, "मान गये भाऊ, तुम्हाला खूप नॉलेज आहे." हेही मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगतोय, तर ऐकून घ्या. तुमच्यामुळे मी या आठ महिन्यांत जेवढं शिकलो तेवढं पंधरा वर्षांत नव्हतो शिकलो. टायरच्या बाजूला लिहिलेला दुसरा आकडा म्हणजे टायरची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्क्यात असते, म्हणून रुंदी वाढवली की उंचीही वाढते आणि चाकच मोठं होतं, हे तुम्ही मला खडूनं फरशीवर काढून दाखवलंत. मी तोवर तो आकडा फक्त बिलावर उतरवत होतो.

आणि वहिनींचं स्टिअरिंग. त्याचा तर मला वीट आला होता. शाळेतली नोकरी सांभाळून वहिनी गाडी शिकत होत्या, आणि तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. तेव्हा टायर रुंद झाला की स्टिअरिंग जड होणार, हा तुमचा नवा मुद्दा. "किती जड होईल?" मी म्हणायचो, "थोडं." "थोडं म्हणजे किती?" अहो, मी काय वजनकाट्यावर तोलून सांगू? एकदा चिडून म्हटलं, "साहेब, वहिनींनाच घेऊन या, त्यांनाच फिरवून बघू द्या." तर म्हणालात, "ती म्हणते, तुमचं एकदा काय ते ठरवा आणि मला मोकळं करा." मला वहिनींची दया आली. एकाच माणसाच्या हाताखाली आम्ही दोघं भरडलो जात होतो.

आता त्या रविवारचं. उन्हाचा दिवस होता, वरचा पंखा बंद पडलेला, बाहेर तीन गाड्या उभ्या, त्यातल्या एकाला लग्नाला जायची घाई. अलाइनमेंटचं मशीन सकाळपासून रुसलेलं. तुम्ही आलात, स्टूल ओढलंत आणि म्हणालात, "सुरेशभाऊ, मग त्या भरल्या गाडीचं काय?" लछूशेठ त्यांच्या दारातूनच ओरडले, "अरे आ गया तुम्हारा इन्स्पेक्टर! आज भी आटा लाया क्या?" तिन्ही गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. माझं डोकं सटकलं.

मी म्हणालो, "केलंय, साहेब. सात माणसं बसवून केलंय. एकशे पंच्याहत्तर, साडेपाच इंची रिमवर. कुठे घासत नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "कधी केलंत?"

"मंगळवारी."

"कुणाच्या गाडीवर?"

"शहाडची एक पार्टी आहे. तुमच्यासारखीच गाडी, तेच मॉडेल."

"कणीक लावून?"

"हो, कणीक लावून. चांगली बोटभर उरली."

तोंडातून शब्द निघत होते आणि माझा मलाच अचंबा वाटत होता, किती सहज येतंय म्हणून. मला वाटलं होतं, तुम्ही आता अजून दहा प्रश्न विचाराल. बोटभर म्हणजे किती, पुढच्या चाकाला की मागच्या. मी त्यांचीही उत्तरं तयार ठेवली होती. तुम्ही एकही विचारला नाहीत. खिशातली छोटी वही काढलीत, काहीतरी लिहिलंत, वही परत ठेवलीत. मग उठून माझा हात हातात घेतलात. "मग ठरलं. पुढच्या रविवारी घालून टाकू." आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या दुकानातला चहा प्यायलात. एरवी घरून पिऊन येतो म्हणायचात.

तुम्ही गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. मी लछूशेठला टाळी दिली. हे मी लपवत नाही. रविवारपर्यंत खरंच कुणाच्या तरी गाडीवर करून बघू आणि मग खोटं खरं होऊन जाईल, असंही मनाशी म्हटलं. सोमवारी केलं नाही, मंगळवारी केलं नाही. बुधवारी दुपारी वहिनींच्या भावाचा फोन आला.

टायर आणि रिम तोवर येऊन पडले होते. मी वहिनींना फोन करून म्हणालो, ते सगळं परत पाठवतो, तुम्ही त्याची काळजी करू नका. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही रविवारी कार्यक्रमाला या. आणि येताना टायर घेऊन या. त्यांनी रविवारच म्हटलं होतं ना?" चारही टायर रिमवर चढवले, टेम्पोत टाकले आणि बदलापूरला आलो. मी आमच्याकडची दहावं-तेरावं बघितलेली, तुमच्यातल्या कार्यक्रमाला आधी कधी आलो नव्हतो. हातात काय घेऊन जायचं कळेना. मेणबत्त्या आणि फुलं घेतली. खाली टेम्पोत चार चाकं. वर तुम्ही फोटोत.

कार्यक्रम झाला, खीर झाली, माणसं पांगायला लागली, तशा वहिनी तुमची वही घेऊन माझ्याजवळ आल्या. "मला वाटलं, तुम्हाला दाखवावं. तुम्ही एवढे महिने त्यांना सहन केलंत." शेवटचं लिहिलेलं पान. तुमचं ते छापल्यासारखं अक्षर. 'सु. भाऊंनी भरल्या गाडीवर पाहिले आहे. १७५ ओके.' खाली सही, तारखेसह.

साहेब, कारखान्यात तुमच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नव्हता हे मी त्याच हॉलमध्ये तासाभरापूर्वी ऐकलं होतं. स्वतः मापल्याशिवाय तुम्ही सही करत नव्हता, मालकाच्या सांगण्यावरूनही नाही, हेही ऐकलं होतं. आणि इथे माझ्या तोंडच्या शब्दावर तुम्ही सही केली होती. मला तुमचा इतका राग आला म्हणून सांगू. कशाला विश्वास ठेवलात? आठ महिने कशावरच ठेवला नाहीत, मग नेमका त्याच दिवशी कशाला? एक प्रश्न अजून विचारला असतात तर मी गडबडलो असतो. मला अडवायचं काम तुमचं होतं.

खाली गेलो. तुमच्या धाकट्या भावानं गाडी सावलीत घेतली होती. मी जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं, नवीन लावलं. दोन बोटं घालून बघितली. गेली. उजवं लावलं. तिथेही गेली. मागची दोन लावायला उठलो. वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी पाना खाली ठेवला आणि तिथेच सांगून टाकलं. मंगळवार खोटा, शहाडची पार्टी खोटी, कणीक खोटी. त्या दिवशी गर्दी होती, मी वैतागलो होतो, म्हणून बोललो.

वहिनी दोन पायऱ्या खाली आल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी नुसत्या तुमच्या शब्दावर लिहिलं?"

"हो."

"भाऊ, घरात सिलिंडर संपला म्हणून मी सांगितलं तरी त्यांनी कधी ऐकलं नाही. उचलून बघायचे."

तुमचे भाऊ मध्ये पडले. "वहिनी, चालतं हो, एवढं काय त्यात? दुनिया वापरते रुंद टायर. दादाची इच्छा होती, लावून टाका." वहिनी वळल्या आणि वर गेल्या. मला वाटलं, आता त्या खाली यायच्या नाहीत. मी जुनं चाक हातात घेऊन तसाच उभा. पाच-सात मिनिटांनी आल्या तर एका हातात कणकेची परात आणि दुसऱ्या हातात पिठाचा डबा.

"कुठे लावायची, दाखवा."

तर मी दाखवलं. मडगार्डची आतली बाजू फडक्यानं पुसली, दोन्हीकडे मुठीएवढा गोळा थापला, टायरवर पीठ भुरभुरवलं. वहिनींनी माणसं गोळा केली. तुमचे भाऊ, कारखान्यातले दोघे, वहिनींची बहीण, तिचे मिस्टर, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या मावशी, ज्यांनी तुम्हाला शांत म्हटलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, दाटीवाटीनं, एकमेकांच्या मांडीवर. कुणी काही विचारलं नाही. तुमच्याकडची माणसं गाडीत बसायचं म्हटलं की प्रश्न विचारत नाहीत, एवढं मला कळलं. स्टिअरिंगवर वहिनी बसल्या. तुमच्या भावाला चालवायचं होतं, पण वहिनी म्हणाल्या, "पुढे मलाच चालवायचीय."

गेटसमोर पाइपसाठी खणून अर्धवट बुजवलेली चर आहे, ती पार करून गाडी डावीकडे वळवायची. मी चाकाशी गुडघ्यांवर बसून बघत होतो. वहिनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होत्या, खांद्यापासून जोर लावून, दात आवळून. अर्ध्यावर वळलं आणि थांबलं, मग परत ओढलं. 'थोडं जड' म्हणजे किती ते मला तेव्हा दिसलं. गाडी चरीत उतरली, खाली बसली, आणि पत्र्यावर रबर घासल्याचा आवाज आला. आतून मावशी म्हणाल्या, "काय झालं गं?"

गाडी मागे घेतली. मी वाकून हात घातला. उजवीकडची कणीक पापडाएवढी पातळ उरली होती. डावीकडची फाटून दोन तुकडे झालेली, मधे उघडा पत्रा, आणि टायरच्या कडेवर लांब घासलेली रेघ. वहिनी तुमचा व्हर्नियर घेऊन आल्या होत्या, पण मापायला काही उरलंच नव्हतं. विहाराच्या रस्त्यावर, सात माणसं घेऊन, कुठल्यातरी वळणावर हाच टायर त्या पत्र्यानं कापला असता. आणि चालवायला तुम्ही असता, नाहीतर वहिनी.

मी चाकं उतरवली. जुनीच परत लावली. आठवडाभरात एकशे पंचावन्नचे आणून मूळच्याच रिमवर चढवून दिले, तेही कणीक लावून, सात माणसं बसवून. दीड बोट उरली. दीड बोट म्हणजे सव्वीस मिलिमीटर, साहेब. मी व्हर्नियरनं घेतलंय. एकशे पंचावन्न हेच तुम्ही पहिल्या महिन्यात म्हणाला होतात आणि मी म्हणालो होतो, "एवढ्यासाठी कशाला टायर बदलताय, फरक तरी दिसेल का?" तुमचं बरोबर होतं. सरळ सांगतो, पहिल्यापासून तुमचंच बरोबर होतं, आणि मी तुम्हाला बोलून बोलून, थकवून चुकीच्या आकड्यावर आणलं.

त्या रविवारी चाकं उतरवून झाल्यावर वहिनींनी मला वर बोलावून चहा दिला. म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. वेळेत बोललात, तेवढं पुरे." तुमचे भाऊ म्हणाले, "दादा असता तर हसला असता." कारखान्यातल्या एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांनी मला माफ करून टाकलं, एका कपाच्या आत. मी मान डोलावली आणि चहा संपवला.

पण तुम्ही हसला नसतात. त्यांना तुम्ही माहीत नाही. तुम्ही वहीतलं ते पान माझ्या नाकासमोर धरलं असतं आणि विचारलं असतं, कुठली पार्टी? नाव काय तिचं? गाडीचा नंबर काय? सगळ्या दुकानासमोर, लछूशेठच्या देखत, एकेक करून. मी म्हणालो असतो, साहेब, चुकलो. तुम्ही म्हणाला असतात, चुकलात नाही, खोटं बोललात, दोन्हींत फरक आहे. मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. चिडलोही असतो. तुम्ही उठून गेला असतात आणि मला वाटलं असतं, आता काही हा माणूस येत नाही. आणि पुढच्या रविवारी आला असतात.

आज तो रविवार आहे. दुपारी दोनला शटर ओढतो मी, तुम्हाला माहीत आहे. आज ओढलं नाही. संध्याकाळ होत आली, बसून आहे. सकाळपासून चार गिऱ्हाइकं आली, चौघंही मला भाऊ म्हणाली आणि चौघांनीही माझ्या शब्दावर टायर घेतले. मला खोटारडा म्हणायला कुणीही आलं नाही.

तुमचा,
सुरेश